गोळी सोमवारची, रोजची नव्हे

कर्करोगाचा रुग्ण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईचे मोठे रुग्णालय, लोखंडी खाट आणि हाताला लावलेली सलाइनची बाटली उभी राहते. केमो म्हणजे सलाइनमधून द्यायचे औषध, असाच बहुतेकांचा समज आहे. परंतु गेल्या काही वर्षांत हे चित्र बरेच बदलले आहे. कर्करोगाची कितीतरी औषधे आता गोळ्यांच्या रूपात मिळतात. रुग्ण महिन्याचे औषध पिशवीत घालून एस.टी.ने गावी येतो आणि उपचार घरातच सुरू राहतात. ही मोठीच सोय आहे. मुंबईच्या खेपा वाचतात, धर्मशाळेतले दिवस वाचतात, नातेवाइकांची मजुरी बुडत नाही. मात्र या सोयीबरोबर एक जबाबदारीही घरात येते आणि तिची जाणीव आपल्याला कुणी फारशी करून देत नाही. ती करून देण्यासाठी आजचा लेख.

सुरुवात एका चुकीपासून करतो. त्या चुकीत माझाही वाटा आहे, म्हणून ती सांगण्याचा मला अधिकार आहे असे मी समजतो.

आमच्या गावापासून सात-आठ किलोमीटरवरच्या एका खेड्यातले साठीचे शेतकरी. आपण त्यांना तात्या म्हणू. चाळीस वर्षे गालात तंबाखू धरण्याची सवय. गालाच्या आतल्या बाजूला कर्करोग झाला, शस्त्रक्रिया झाली, शेक झाला आणि दीड वर्षाने आजार पुन्हा उलटला. मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी या वेळी सलाइन न देता गोळ्या दिल्या. एक मेथोट्रेक्सेट, ७.५ मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, आठवड्यातून एकदाच. दुसरी सेलेकॉक्सिब, रोज सकाळ-संध्याकाळ एकेक. तात्यांचे औषधपाणी त्यांची सून पाहत असे. सोमवारी तिचा महादेवाचा उपास, म्हणून तिने सासऱ्यांच्या मेथोट्रेक्सेटचा वारही सोमवारच धरला होता. चार महिने एकदाही चूक झाली नाही. तात्यांचे दुखणे कमी झाले होते, दोन घास जास्त जात होते.

मग सून बाळंतपणासाठी माहेरी गेली आणि औषध मुलाच्या हाती आले. त्याच सुमारास जुन्या गोळ्या संपल्या म्हणून त्याने गावातून नव्या आणल्या. दुकानातून मिळालेल्या कागदी पाकिटांवर नेहमीच्या पद्धतीने लिहिले होते. एकावर '३-०-०', दुसऱ्यावर '१-०-१'. वार कुठेच नव्हता. चिठ्ठीवर इंग्रजीत 'आठवड्यातून एकदा' असे होते, पण चिठ्ठी फाइलमध्ये होती आणि फाइल ट्रंकेत. मुलाने पाकिटावरचे वाचले आणि सोमवारपासून रोज सकाळी तीन गोळ्या द्यायला लागला.

गुरुवारी त्याचा मला फोन आला. "डॉक्टर, तात्यांच्या तोंडात आग होतेय म्हणतात. गोळ्या चालू ठेवायच्या ना?" दवाखान्यात गर्दी होती. रक्ताच्या कर्करोगाचा एक तरुण माझ्याकडे येतो, त्याची गोळी रोजची आहे आणि तो मध्येच खाडे करतो. त्याच सकाळी त्याला बजावलेले वाक्यच मी तात्यांच्या मुलाला ऐकवले. "चालू ठेव, एकही दिवस चुकवू नकोस." तोंडासाठी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या सांगितल्या आणि फोन ठेवला. कोणती गोळी, किती आणि कधी देतोस, एवढे विचारायला अर्धा मिनिट लागला असता.

शनिवारी सकाळी तात्यांना जीपमधून आणले. तोंडभर फोड, ओठांतून रक्त, रात्रभर जुलाब, अंगात ताप. घरच्यांना वाटले आजार वाढला, आता शेवट आला. मी मुलाला गोळ्या दाखवायला सांगितले. त्याने पिशवी टेबलावर रिकामी केली. मेथोट्रेक्सेटच्या पट्ट्यांवर मोडलेली घरे मोजली, ती पंधरा भरली. पाच आठवड्यांचे औषध पाच दिवसांत पोटात गेले होते.

तात्या वाचले. जिल्ह्याच्या ठिकाणी सोळा दिवस रुग्णालयात राहिले. मेथोट्रेक्सेटवर उतारा म्हणून फोलिनिक अ‍ॅसिडची इंजेक्शने असतात, ती मिळाली. सलाइन, प्रतिजैविके, पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शने, सगळे करावे लागले. शनिवारचा दिवस घरीच काढला असता तर ते वाचले नसते.

आठवड्यातून एकदाच का?

मेथोट्रेक्सेट हे जुने आणि फार उपयोगी औषध आहे. या गटातल्या औषधांच्या शोधात यल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रात जन्मलेल्या शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. अमेरिकेत त्यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेले याच गटातले एक औषध डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४७ साली बॉस्टनमध्ये रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना दिले. कर्करोग औषधाने मागे हटू शकतो, याचा हा आरंभीचा मोठा पुरावा ठरला.

या औषधाचे काम सोप्या शब्दांत असे. शरीरातल्या पेशींना नव्या पेशी घडवण्यासाठी फॉलिक अ‍ॅसिड हे जीवनसत्त्व लागते. मेथोट्रेक्सेट त्या जीवनसत्त्वाच्या वापरात अडथळा आणते. कर्करोगाच्या पेशी झपाट्याने वाढत असल्यामुळे त्यांची उपासमार होते. पण शरीरात झपाट्याने वाढणाऱ्या चांगल्या पेशीही आहेत. तोंडाचे व आतड्याचे अस्तर दर काही दिवसांनी नवे होते. हाडांच्या पोकळीतला मगज रोज रक्ताच्या पेशी घडवत असतो. औषध त्यांनाही सोडत नाही. आठवड्यातून एकदा गोळी घेतली की मधल्या सहा दिवसांत या चांगल्या पेशी सावरतात. रोज घेतली तर सावरायला वेळच मिळत नाही. मग तोंड सोलवटते, जुलाब लागतात, पांढऱ्या पेशी घटून साध्या जंतूंशीही लढता येत नाही. गोळी तीच असली तरी मधले सहा दिवस काढून घेतले की ती विष होते.

ही चूक फक्त खेड्यात किंवा कमी शिकलेल्या घरात होते असे समजू नका. पुढारलेल्या देशांतही ती वारंवार झाली आहे. म्हणूनच युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ साली आठवड्याला एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेटच्या वेष्टनावर ठळक इशारा छापण्याची शिफारस केली. हे औषध संधिवात आणि सोरायसिस या त्वचारोगासाठीही आठवड्यातून एकदा देतात. त्यामुळे ज्यांच्या घरात कर्करोग नाही, पण आजींच्या सांध्यांसाठी ही गोळी चालू आहे, त्यांनीही हा लेख आपल्यासाठीच आहे असे समजून वाचावा. अशा रुग्णांना जोडीला फॉलिक अ‍ॅसिडची गोळीही दिलेली असते. कित्येकदा दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळ्या असतात. एकीच्या जागी दुसरी घेतली गेली तर काय होईल, हे तात्यांच्या हकिकतीवरून कळेल.

तोंडाच्या कर्करोगात या गोळ्या आता बऱ्याच ठिकाणी दिल्या जातात, याला आपल्या मुंबईतलेच एक संशोधन कारण आहे. पुन्हा उलटलेल्या किंवा पसरलेल्या डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या ४२२ रुग्णांवर टाटा मेमोरियल रुग्णालयाने अभ्यास केला. त्यात निम्म्यांना सलाइनमधून सिस्प्लॅटिन आणि निम्म्यांना मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिबच्या गोळ्या दिल्या. २०२० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गोळ्या घेणारे रुग्ण सलाइनवाल्यांपेक्षा थोडे अधिक काळ जगले आणि गंभीर दुष्परिणामही त्यांच्यात कमी दिसले. खर्च तर पुष्कळच कमी. तेव्हा गोळ्यांना घाबरून त्या बंद करणे हा काही उपाय नव्हे. त्या नीट घेणे हा उपाय आहे.

वॉर्डातली सिस्टर घरी कोण?

रुग्णालयात केमो देताना सिस्टर काय करते ते आठवा. ती आधी रक्ताचा अहवाल पाहते. रुग्णाचे नाव, औषधाचे नाव, मात्रा आणि तारीख कागदाशी ताडून बघते. हातमोजे घालते. औषध दिल्यावर वेळ लिहून ठेवते. नंतर ताप, उलटी, जुलाब यांची विचारपूस करते. गोळ्या घरी आल्या की यातले एकही काम कमी होत नाही, फक्त करणारी सिस्टर घरी नसते. तिची जागा घरातल्या कुणीतरी घ्यायला हवी.

म्हणून पहिला नियम असा की, औषधाचा एक माणूस नेमा. सून असो, मुलगा असो, की रुग्ण स्वतः. ती व्यक्ती परगावी जाणार असेल तर नुसती पिशवी हवाली करून जाऊ नये. दुसऱ्याला समोर बसवून कोणती गोळी, किती, कोणत्या वारी हे सांगावे आणि त्याच्याकडून परत वदवून घ्यावे. तात्यांच्या घरी सुनेच्या डोक्यात सगळे पक्के होते, पण ते कागदावर कुठेच नव्हते.

दुसरा नियम वाराचा. आठवड्याच्या गोळीच्या पाकिटावर मराठीत, मोठ्या अक्षरांत, वाराचे नाव लिहा. 'फक्त सोमवारी. तीन गोळ्या. इतर दिवशी नाही.' औषध घेताना दुकानदाराकडूनच तसे लिहून घ्या. आमच्या गावातल्या औषध दुकानदारांना मी ही विनंती केली आहे आणि त्यांनी ती आनंदाने मान्य केली आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या वाराला खूण करा आणि गोळी दिली की खुणेवर फुली मारा. दूधवाल्याचा हिशेब आपण कॅलेंडरवर ठेवतोच, हाही तसाच ठेवायचा.

गोळी घ्यायची राहून गेली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. घेतल्यावर उलटी झाली तर आपल्या मनाने पुन्हा देऊ नये. दोन्ही वेळी रुग्णालयात फोन करून विचारावे. उलट, चुकून जास्त गोळ्या दिल्या गेल्याचे लक्षात आले तर त्रास होतो की नाही याची वाट पाहू नये. त्याच तासाला डॉक्टरांना गाठावे. उतारा जितका लवकर तितका त्याचा उपयोग जास्त. अशा वेळी संकोच करू नका, घरात कुणी कुणाला बोल लावू नका. लपवलेली चूक सर्वांत महागात पडते.

खलबत्ता नको

तोंडाच्या कर्करोगाच्या पुष्कळ रुग्णांचे तोंड दोन बोटेही उघडत नाही. काहींना नाकातून नळी घातलेली असते. अशा वेळी घरातल्या बायका काय करतात? गोळी खलात कुटतात किंवा चमच्याने चुरडतात आणि पाण्यात कालवून देतात. तात्यांच्या सुनेनेही चार महिने तेच केले होते, आणि त्या चारही महिन्यांत ती गरोदर होती. मेथोट्रेक्सेटने गर्भपात होऊ शकतो, बाळात व्यंग येऊ शकते. हे तिला कुणीही सांगितले नव्हते, मीही नाही. बाळ सुखरूप झाले. पण तो नशिबाचा भाग झाला, हा धोका पत्करण्याचे काहीच कारण नव्हते.

केमोच्या गोळ्या घरी कुटू नयेत, तोडू नयेत, कॅप्सूल उघडू नये. तिची भुकटी हवेत उडते, श्वासावाटे आत जाते, ज्या खलात आपण आले-लसूण कुटतो त्यात राहते. रुग्णाला गिळता येत नसेल तर रुग्णालयातून निघण्यापूर्वीच तसे सांगा. काही गोळ्या पाण्यात विरघळवून सिरिंजने देता येतात, काही मुळीच देता येत नाहीत. कोणती कशी द्यायची हे तिथले डॉक्टर किंवा औषधतज्ज्ञ दाखवून देतील.

दुसऱ्याला गोळी काढून द्यायची असेल तर हातमोजे घालावेत. ते नसतील तर पट्टीतून गोळी थेट छोट्या वाटीत पाडावी, हाताचा स्पर्श टाळावा आणि नंतर साबणाने हात धुवावेत. रुग्ण स्वतः घेत असेल तर त्यानेही नंतर हात धुवावेत. गरोदर स्त्रीने, तसेच अंगावर पाजणाऱ्या आईने हे काम करू नये. ज्यांचे वय मुले होण्याचे आहे अशा स्त्री-पुरुष रुग्णांनी औषध चालू असताना आणि नंतरही काही महिने गर्भधारणा टाळायची असते. नेमके किती महिने ते औषधानुसार ठरते. हा प्रश्न डॉक्टरांना विचारताना लाजू नये.

गोळ्या मूळ पट्टीतच ठेवाव्यात. इतरांच्या बी.पी.च्या, साखरेच्या गोळ्यांच्या डब्यात त्या मिसळू नयेत. वेगळा डबा, वर झाकण, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी उंच फळी. न्हाणीघराजवळ, चुलीजवळ किंवा उन्हात नको. उरलेल्या गोळ्या जिथून मिळाल्या त्या रुग्णालयात परत द्याव्यात. मोरीत टाकू नयेत, चुलीत जाळू नयेत आणि त्याच आजाराच्या शेजाऱ्याला तर मुळीच देऊ नयेत.

शिवाशीव मात्र नको

हे वाचून घाबरून जाऊन कुणी रुग्णाचे ताट-वाटी वेगळे करील, नातवंडांना जवळ जाऊ देणार नाही, म्हणून स्पष्ट सांगतो. कर्करोग स्पर्शाने पसरत नाही. रुग्णाच्या पंक्तीला बसावे, त्याला जवळ घ्यावे, नातवंडाने मांडीवर खेळावे. काळजी आहे ती फक्त औषधाचा अंश ज्यातून बाहेर पडतो त्या मल, मूत्र आणि उलटीची. गोळी घेतल्यावर दोन दिवस तरी शौचालयात नेहमीपेक्षा जास्त, दोनदा पाणी टाकावे. माखलेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुवावेत. एवढे पुरे.

गोळीबरोबर काय नको

आपल्याकडे अंग दुखले की दुकानातून दुखण्याची गोळी आणायची सवय आहे. मेथोट्रेक्सेट शरीरातून मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर जाते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांचे काम मंदावतात आणि औषध अंगात साचते. तात्यांना दिलेली सेलेकॉक्सिब हीसुद्धा त्याच कुळातली. ती तज्ज्ञांनी रक्ताचे अहवाल पाहून, मोजून दिलेली असते. तिच्यावर आणखी एक वेदनाशामक आपल्या मनाने घेणे घातक ठरते. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी किंवा जुलाबांसाठी पूर्वापार दिली जाणारी को-ट्रायमॉक्साझोल ही गोळीही मेथोट्रेक्सेटबरोबर रक्तपेशी धोकादायकरीत्या घटवू शकते. दारूने यकृतावर दुहेरी ताण येतो.

शक्तीसाठी म्हणून घेतलेल्या टॉनिकमध्येही फॉलिक अ‍ॅसिड असू शकते. ते विचारल्याशिवाय घेऊ नये. काढे, भस्मे, चूर्णे यांच्याबद्दल मी वाद घालत नाही. पण घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. कोणत्याही दवाखान्यात गेलात, अगदी दात काढायला गेलात, तरी 'माझी कर्करोगाची गोळी चालू आहे' हे पहिले वाक्य असावे आणि गोळीची पट्टी खिशात असावी.

पाणी भरपूर प्यावे. उन्हाळ्यात, किंवा जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी घटले असताना हे औषध रक्तात साचते. अशा वेळी सोमवार आला म्हणून गोळी घेऊन मोकळे होऊ नये, आधी डॉक्टरांना विचारावे. सांगितलेल्या तारखेला रक्ततपासणी करावी. रक्तपेशी, मूत्रपिंडे आणि यकृत यांचा अहवाल पाहूनच पुढची मात्रा ठरते. 'बरे आहे, कशाला शंभर-दोनशे रुपये घालवा' असे म्हणू नये. आणि तंबाखू, मिश्री, गुटखा आता तरी सोडावा. आजार झालाच आहे, आता सोडून काय उपयोग, असे पुष्कळजण म्हणतात. उपयोग आहे. जखमा लवकर भरतात आणि उपचारांना साथ मिळते.

थर्मामीटर घरात हवा

ज्या घरात केमोची गोळी आहे तिथे थर्मामीटर असायलाच हवा. हात कपाळावर ठेवून ताप ठरवू नये. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे तातडी. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना आलेला ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. तापाची गोळी देऊन सकाळपर्यंत वाट पाहणे, हीच चूक सर्वांत जास्त होते. रात्र असली तरी जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे.

त्याखेरीज तोंडात नव्याने आलेले फोड, थांबत नसलेले जुलाब किंवा उलट्या, हिरड्यांतून वा लघवीतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, कोरडा खोकला आणि धाप, डोळ्यांत पिवळेपणा, लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसले तर गोळी पुढे देण्याआधी डॉक्टरांशी बोला. तोंडाच्या कर्करोगात एक अडचण अशी की तोंडातली आग आजाराची आहे की औषधाची, हे घरच्यांना कळत नाही. फोनवर मलाही कळले नाही. म्हणून नवा त्रास दिसला की रुग्ण प्रत्यक्ष दाखवावा आणि सोबत गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या, रिकाम्यासुद्धा, न्याव्यात.

दुसऱ्या गोळ्यांचे नियम दुसरे

शेजारच्या रुग्णाची गोळी रोजची आहे म्हणून आपलीही रोजची, असा हिशेब करू नये. प्रत्येक औषधाची रीत निराळी. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावर इमॅटिनिब ही गोळी २००१ सालापासून वापरात आली आणि त्या आजाराचे रूपच तिने पालटून टाकले. ती रोज, जेवणासोबत आणि ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची. बरे वाटते म्हणून तिचे खाडे केले तर आजार उलटतो. एर्लोटिनिब ही गोळी उपाशीपोटी घ्यायची. तिच्यासोबत अ‍ॅसिडिटीची गोळी किंवा धूम्रपान चालू ठेवले तर तिचा असर कमी होतो. रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना मर्कॅप्टोप्युरिन देतात. तिच्याबरोबर युरिक अ‍ॅसिडवरची अ‍ॅलोप्युरिनॉल डॉक्टरांना न विचारता दिली तर मात्रा अनेक पटींनी वाढल्यासारखे होते.

आतड्याच्या व स्तनाच्या कर्करोगावरची कॅपेसिटाबिन दिवसातून दोनदा, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायची. बहुधा चौदा दिवस गोळी आणि सात दिवस विश्रांती असा तिचा क्रम असतो. विश्रांतीचे दिवस हाही उपचाराचाच भाग आहे, ते विसरून गोळी चालू ठेवू नये. या गोळीने तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात, काही जणांच्या बोटांचे ठसेही पुसट होतात. रेशन दुकानात अंगठा उमटला नाही किंवा पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला अडचण आली तर गोंधळून जाऊ नका. डॉक्टरांकडून तसे पत्र घ्या. रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा फिटची फेनिटॉइन चालू असेल तर कॅपेसिटाबिन सुरू करण्यापूर्वीच सांगा.

कात्रण काढून ठेवा

खालचे मुद्दे कापून औषधाच्या डब्यावर चिकटवावेत.

१. गोळीचे नाव, संख्या आणि वार मराठीत लिहिला आहे का?
२. औषध देणारा माणूस ठरला आहे का? तो नसेल तेव्हा कोण?
३. गोळी कुटायची नाही, तोडायची नाही. नंतर हात धुवायचे. गरोदर स्त्रीने हाताळायची नाही.
४. राहिली तर दुप्पट नाही. जास्त गेली तर ताबडतोब डॉक्टर.
५. दुखण्याची, अ‍ॅसिडिटीची, शक्तीची कोणतीही गोळी विचारल्याशिवाय नाही.
६. ताप १००.४ झाला की रात्रीसुद्धा रुग्णालय.
७. रक्ततपासणीची पुढची तारीख कोणती?
८. रुग्णालयाचा आणि गावातल्या डॉक्टरांचा फोन क्रमांक.

तात्या घरी परतल्यावर मी त्यांना भेटायला गेलो. मोठ्या रुग्णालयाच्या डॉक्टरांनी रक्त सुधारल्यावर कमी मात्रेत गोळ्या पुन्हा सुरू केल्या होत्या. मुलगा माझ्याकडे पाहत नव्हता. आपल्या हातून बापाचा जीव जात होता, हे त्याच्या मनातून जात नव्हते. मी त्याला तात्यांच्या देखतच सांगितले, की पाकिटावर वार लिहिलेला नव्हता आणि फोनवर मी विचारले नाही, चूक तुझ्या एकट्याची नाही. तात्यांना बोलता येत नव्हते. त्यांनी मुलाचा हात धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने भिंतीकडे बोट केले. कॅलेंडरवर सगळ्या सोमवारांना लाल पेन्सिलीने गोल केले होते. गेल्या सोमवारच्या गोलावर फुली होती.

माझ्याकडे आता कुणी फोन करून 'गोळ्या चालू ठेवू का' असे विचारले तर मी उत्तर देत नाही. आधी विचारतो, "कोणती गोळी? किती? कोणत्या वारी?" तुमच्या डॉक्टरांनी हे विचारले नाही, तर तुम्हीच त्यांना सांगा.